जाईबाईंची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकघरात असते. पातोडी आणि मसालेभात हे माझे खाते. यंदा चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलण्याची गळ घातली. मी म्हटले, “बाई, मी सातवी शिकलेली. माझ्याने भाषण व्हायचे नाही.” त्या म्हणाल्या, “मग त्या सातवीबद्दलच बोला.” ते शब्द मनात राहिले. म्हणून आज उभी राहिले आहे. चूकभूल आपण पोटात घालावी.

माझे माहेर उमरेडकडचे एक खेडे. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला जायचे तर दोन कोसांवर. वडील मुळीच दुष्ट नव्हते, मला जत्रेत खांद्यावर बसवून नेत. पण सातवीचा निकाल लागला तेव्हा म्हणाले, “पोट्टीला एकटीला कशी धाडू?” बस, एवढ्या एका वाक्यावर माझे शिक्षण संपले. पाटी-दप्तर धाकट्या भावाकडे गेले. मी रडले नाही, कारण आमच्या गावच्या साऱ्याच मुली सातवीनंतर घरी बसत. ज्यात सगळ्याच बसतात, तिथे एकटीने काय रडायचे?

मागल्या पावसाळ्यात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक माझ्या हाती आले. दलित चळवळीतील स्त्रियांचा शोध घेऊन त्यांनी ते लिहिले आहे. त्यात आमच्या उमरेडच्या एका बाईंचे नाव दिसले आणि मी दचकलेच. त्या बाई म्हणजे जाईबाई चौधरी. नागपुरात इतकी वर्षे राहून मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. आपल्यापैकी कितीजणींना आहे?

जाईबाई १८९२ साली उमरेडला एका महार कुटुंबात जन्मल्या. १८९६ च्या दुष्काळात त्यांच्या घरच्यांनी पोटासाठी नागपूर गाठले. येथे त्या थोडे शिकल्या आणि १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. सासर गरीब. त्यामुळे त्या हमाली करू लागल्या. नागपूरहून कामठीपर्यंत ओझी वाहून नेत. आज आपण कामठीला बसने जातो तरी थकलो म्हणतो!

ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंना समजले की, या हमाल बाईला लिहिता-वाचता येते. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतले. पगार महिना ४ रुपये. डोक्यावरचे ओझे उतरले आणि हातात खडू आला. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे वरच्या जातींच्या लोकांना रुचले नाही. त्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंची नोकरी गेली.

आपल्यापैकी कुणी असती तर काय केले असते? मी तर घरी बसून नशिबाला बोल लावला असता. जाईबाईंनी तसे केले नाही. नागपुरात त्या वेळी किसन फागूजी बनसोडे अस्पृश्यांच्या जागृतीसाठी झटत होते. वर्तमानपत्रे काढत होते. त्यांच्या विचारांचा जाईबाईंवर परिणाम झाला. १९२२ साली त्यांनी स्वतःच मुलींची शाळा काढली. नाव ठेवले संत चोखामेळा कन्या शाळा.

हे नाव मला फार अर्थाचे वाटते. चोखोबांना पंढरीच्या राऊळात पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारापाशीच आहे. पण त्यांच्या घरातल्या बायका, पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा, अभंग रचीत होत्या. दाराबाहेर ठेवलेल्या घरात विद्या होती. ज्या मुलींना दुसऱ्यांच्या शाळेत दार बंद, त्यांच्या शाळेला याहून शोभणारे नाव कोणते?

आता मुख्य गोष्ट सांगते. ती शाळा लहानच राहिली नाही. १९२२ साली सुरू झालेली शाळा १९५४ साली वरच्या वर्गांची माध्यमिक शाळा झाली. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशात होते. मधली बत्तीस वर्षे मोजा. मुलीला सही करता आली, चिठ्ठी वाचता आली की पुरे, असे म्हणणारे पुष्कळ असतात. पण चार बुके शिकलेली मुलगी पत्र वाचते आणि हायस्कूल शिकलेली मुलगी अर्ज लिहिते. पहिली सासरी शहाणी म्हणवते, दुसरी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. सातवी आणि आठवी यांत एकाच इयत्तेचे अंतर दिसते. पण आपल्या मुली पडतात त्या तिथेच. त्या पायरीवर मी पडले. जाईबाईंची शाळा ती पायरी चढून गेली, म्हणून तिचे मोठेपण मला विशेष कळते.

१९३० साली नागपुरात दलित स्त्रियांची परिषद भरली. तीत जाईबाईंनी मुलींना मुलग्यांइतकीच शिकण्याची संधी मागितली. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिला परिषदेला हजारो बाया आल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यापुढे बोलले. एवढा समुदाय एका दिवसात जमत नाही. त्यामागे अशा शाळा आणि अशा बाया असतात.

आता जी गोष्ट सांगते ती सांगताना जीभ अडखळते. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या उन्नतीसाठीच ते भरले होते. शिकल्यासवरल्या बायकांच्या त्या मेळाव्यात जेवणाच्या वेळी जाईबाईंना निराळे बसविण्यात आले. पंधरा वर्षे शाळा चालविणारी ती शिक्षिका, तिला पंगतीत जागा नाही! दलित स्त्रियांनी पुढे सभा घेऊन याचा निषेध केला.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. पुस्तकातल्या बायकांचा राग आला म्हणून नव्हे. मला आपल्या मंडळाची कोजागिरी आठवली. जिना झाडायला येणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. आपण सगळ्या काचेच्या पेल्यांतून दूध प्यालो आणि मावशींना कागदी पेला दिला, तोही उंबऱ्याबाहेर. तो पेला मी माझ्याच हाताने दिला. कुणी मला तसे सांगितले नव्हते. हात आपोआप त्या पेल्याकडे गेला. भगिनींनो, १९३७ सालच्या बायकांना तरी मी कोणत्या तोंडाने नावे ठेवू?

त्या मावशींची मुलगी यंदा आठवीत आहे. अभ्यासात बरी आहे. गणित तेवढे कच्चे. घर एका खोलीचे, बसायला कोपरा नाही. “दिवाळीनंतर कामाला लावते,” असे मावशी मागे म्हणत होत्या. माझ्या वडिलांचेच वाक्य, फक्त शब्द निराळे.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. ही खोली दुपारी दोन ते पाच रिकामीच असते. ती आठवी ते दहावीच्या मुलींना अभ्यासाला द्यावी. गणित शिकवणाऱ्या दोघी आपल्यात आहेत. मला गणित येत नाही. पण मी रोज कुलूप उघडीन, सतरंजी घालीन आणि चहा करीन. चहा सगळ्यांना एकसारख्या पेल्यांतून मिळेल, एवढी जबाबदारी माझी. खर्च म्हणाल तर यंदाची सहल जवळ कुठेतरी काढू. वर्गणीतून वह्यांपुरते पैसे सहज निघतील.

जाईबाईंनी शाळा काढली. आपल्याला शाळा काढायची नाही, फक्त एक दार उघडे ठेवायचे आहे. तेवढे जमले तर आजचा वर्धापनदिन साजरा झाला असे मी समजेन.

 मसालेभात गार होत आहे. मावशींनाही आत पंगतीला बोलावले आहे.