विश्वास टाकतांना आपण काय मोजतों?

सकाळीं दारांत येणाऱ्या गवळ्याच्या दुधाची परीक्षा आपण रोज करीत नाहीं; वैद्यानें दिलेल्या पुडींत काय आहे हें विचारीत नाहीं; आणि परगांवीं जातांना शेजाऱ्याच्या हातीं घराची किल्ली देऊन निर्धास्तपणें गाडींत बसतों. प्रत्येक गोष्टीची खातरजमा करूं म्हटलें तर दिवस पुरावयाचा नाहीं. विश्वास हा अशा रीतीनें एक लहानसा जुगारच आहे. फरक इतकाच कीं, येथें दान पडतें तें दैवानें नव्हे, दुसऱ्या माणसाच्या मर्जीनें. या जुगारांत माणसें कशीं वागतात हें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं जे प्रयोग केले, त्यांपैकीं दोन-तीन आज आपल्यापुढें मांडावे असें योजिलें आहे.

१९९५ सालीं बर्ग, डिकहॉट व मॅक्केब या तीन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांच्या त्यांनीं ३२ जोड्या केल्या. जोडींतला एक या खोलींत, दुसरा त्या खोलींत. प्रत्येकाच्या हातीं दहा डॉलर दिले. पहिल्यानें त्यांतले हवे तितके दुसऱ्याकडे पाठवावे. वाटेंत त्या रकमेची तिप्पट व्हावी. मग दुसऱ्यानें वाटल्यास कांहीं परत करावें, न वाटल्यास सगळें खिशांत घालावें. कोणीं काय केलें हें कोणासही कळावयाचें नव्हतें. हिशेबी माणूस म्हणेल, परत करण्याचें बंधन नाहीं, लाजेचेंही कारण नाहीं. तेव्हां दुसरा दमडीही परत करणार नाहीं, सबब पहिल्यानें कांहींच पाठवूं नये. झालें तें निराळेंच. ३२ पैकीं ३० जणांनीं पैसे पाठविले. सरासरी पांच डॉलरांच्या किंचित् वर. परत आलेली सरासरी रक्कम मात्र पांचांहून थोडी कमी भरली. विश्वासानें एकंदरींत मोठा लाभ झाला असें नाहीं. तरी कोरडा हिशेब सांगतो तितकीं माणसें संशयी नव्हतीं, आणि तितकीं अप्पलपोटीही नव्हतीं.

यावर कोणी म्हणेल, हा विश्वास नव्हे, केवळ धाडस. जो सोडतीचें तिकीट घेतो तोच परक्याच्या हातीं पैसे देतो. ही शंका हार्वर्ड विद्यापीठांतील आयरिस बोनेट व रिचर्ड झेकहॉसर यांनीं तपासून पाहिली आणि आपला निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध केला. यशाचा संभव निदान किती असेल तर आपण हा धोका पत्कराल, असें त्यांनीं लोकांस विचारलें. एका ठिकाणीं निकाल निव्वळ दैवावर सोंपविला होता, दुसऱ्या ठिकाणीं एका माणसाच्या निवडीवर. नफा तोच, तोटाही तोच. तरी जेथें माणूस निवड करणार होता तेथें लोकांनीं यशाची अधिक खात्री मागितली. दैवानें बुडविलें तर पैसे जातात. माणसानें बुडविलें तर पैसे जातातच, शिवाय फसविलें गेल्याचें शल्य मागें राहतें. त्या शल्याची किंमत माणूस आधींच हिशेबांत धरतो.

हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे आपल्याच इतिहासांतील एक प्रकरण अधिक नीट उलगडतें. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग शिरला. पुढील वर्षीं पुण्यास रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊं लागले, आणि लोक आपले रोगी लपवूं लागले. रोग भयंकर आहे हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. परंतु रोग हें दैव होतें. उंबरठा ओलांडून आंत येणारा शिपाई हा माणूस होता.

त्यापूर्वीं थोडेच दिवस, १० जानेवारी १८९७ रोजीं, मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली होती. भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर तिची परीक्षा झाली ती त्यानंतर. जो धोका दुसऱ्यास पत्करावयास सांगावयाचा तो आधीं आपण पत्करावा, याहून विश्वास मागण्याची सरळ रीति नाहीं.

पण याच लसीची पुढील हकीकत दुःखाची आहे. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांस कामावरून दूर केलें गेलें. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नव्हे, बाटली उघडतांना झालेल्या हलगर्जीपणाचा, असें रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनीं जाहीरपणें मांडलें; आणि १९०७ सालीं हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. एका बाटलीनें लावलेला डाग पुसण्यास पांच वर्षें लागलीं.

असें कां व्हावें? पॉल स्लोव्हिक या मानसशास्त्रज्ञानें १९९३ सालीं याचें उत्तर दिलें. अणुशक्तीच्या कारखान्याविषयींच्या बऱ्यावाईट वार्ता लोकांपुढें ठेवून, कोणत्या वार्तेनें आपला विश्वास किती वाढेल वा घटेल, असें त्यानें विचारलें. वाईट वार्तेचें वजन चांगलीहून पुष्कळच अधिक ठरलें. वर्षांनुवर्षें अपघात झाला नाहीं, ही कोणी बातमी मानीत नाहीं. एक अपघात झाला कीं ती बातमी होते.

श्रोतेहो, यांतून दोन बोध घेण्याजोगे आहेत. जे लोकांचा विश्वास मागतात, मग ते अधिकारी असोत, वैद्य असोत वा इंजिनियर असोत, त्यांनीं केवळ आंकडे पुढें करून भागणार नाहीं. "धोका हजारांत एक आहे," एवढ्यानें मन निवत नाहीं. हा सांगणारा स्वतः कोठें उभा आहे आणि चूक झाली तर ती उघड करील काय, हें लोक पाहतात, आणि तें पाहण्यांत त्यांचा मूर्खपणा नाहीं.

दुसरा बोध तुम्हांआम्हांसाठीं. एखाद्याचें साहाय्य नाकारतांना क्षणभर थांबून मनास विचारावें, मला भय वाटतें तें नुकसानीचें, कीं फसविलें जाण्याचें? ज्यानें सरकारच्या रागानें लस नाकारली, त्याचा राग कदाचित् न्याय्यही असेल. परंतु प्लेग कोणास फसवीत नाहीं, सरळ मारतो. माणसाकडून येणारा लहान धोका टाळण्यासाठीं दैवाकडून येणारा मोठा धोका आपण पत्करीत नाहीं ना, एवढें तपासावें. मग विश्वास टाकावा अगर टाकूं नये. जें कराल तें डोळे उघडे ठेवून केलेलें असेल.