प्राध्यापक विटमर यांची चिकित्साशाला

लायप्झिग येथे वुण्ट यांच्या हाताखाली मानसशास्त्राचे अध्ययन करून १८९२ साली डॉक्टरेट मिळविणारे लाइटनर विटमर हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापन करीत असता, १८९६ च्या मार्च महिन्यात, शुद्धलेखनात सदैव चुकणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलाची तक्रार घेऊन एक शिक्षिका त्यांच्याकडे आल्या. मनाच्या शास्त्राने अशा मुलाच्या उपयोगी पडावे, ही त्या शिक्षिकेची अपेक्षा मला सर्वथैव न्याय्य वाटते. तपासणीअंती मुलाच्या दृष्टीत दोष आढळला, चष्मा देण्यात आला आणि खास शिकवणीही सुरू झाली. त्याच वर्षी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय स्थापन झाले. रुग्णबालकाचे परीक्षण विद्यार्थ्यांसमक्ष करणारे विटमर अध्यापन, उपचार व संशोधन यांची दफ्तरे निरनिराळी ठेवीत नसत, आणि तेथील अनुभव प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी १९०७ साली स्वतंत्र नियतकालिक काढले.