पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवालही
(संस्थानच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



मी सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठी थुवाल येथे राहतो. तेथे २००९ साली किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झाले. दर जानेवारीत तेथे व्याख्याने होतात. घरची मंडळीही ऐकायला बसतात. तशीच आपल्या विदर्भाच्या जिव्हाळ्याची गोष्ट आज सांगतो, सिकलसेलची.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पूर्व सौदीत आणि भारतात आढळणारा याचा जनुकीय प्रकार एकच आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘अरब-भारतीय’ म्हणतात.

सौदीत २००४ पासून लग्नाआधी सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. अहवाल पाहून निर्णय मात्र वधूवरच घेतात.

वाहक व्यक्ती सहसा ठणठणीत असते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जनुक आई आणि बाप, दोघांकडून येते. मूल आजारी निघाले की सुनेला बोल लावणे हा अन्याय आहे.

म्हणून विनंती : पत्रिका जुळवण्याआधी मुलामुलींचे रक्त सरकारी रुग्णालयात तपासून घ्या. आणि धडधाकट असाल तर रक्तदान करा. या रुग्णांना अनेकदा रक्त चढवावे लागते. हीही देवाची सेवाच.