मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे

(बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शहरातील हरित जागा आणि समाजजीवन हा आजचा विषय आहे. पर्यावरण, नगरनियोजन, राज्यघटना आणि न्यायव्यवस्था अशा अनेक घटकांच्या अभ्यासात तो आपल्यासमोर येतो. परंतु उत्तरपत्रिकेतील मुद्द्यांपलीकडेही त्याला अर्थ आहे आणि तो समजून घेण्यासाठी ज्या शहरात आपण आज जमलो आहोत, त्या बंगळुरूइतके योग्य शहर दुसरे क्वचितच सापडेल.

प्रारंभी दोन साध्या शब्दांकडे लक्ष वेधतो. ‘मोकळी जागा’ आणि ‘रिकामी जागा’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. मैदान मोकळे असते, भूखंड रिकामा असतो. रिकामे म्हटले की त्यात काही तरी भरायचे राहून गेले आहे, असे सूचित होते. मोकळे म्हटले की तेथे कोणालाही येण्याजाण्याची मुभा आहे, असा अर्थ होतो. शहरातील उद्यानांचे भवितव्य बहुतांशी या एका शब्दभेदावर अवलंबून असते. नकाशावर ज्याला रिकामा भूखंड दिसतो, तो तेथे इमारत उभी करू पाहतो. ज्याला ती जागा मोकळी दिसते, तो तिचा मोकळेपणा राखू पाहतो.

राजाच्या बागेपासून लोकांच्या उद्यानापर्यंत

बंगळुरूच्या लालबागेची उभारणी हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केली व टिपू सुलतानाने ती पुढे नेली. ही राजाची बाग होती. पुढे १८५६ मध्ये तिला शासकीय वनस्पती उद्यानाचे स्वरूप आले. आज सुमारे २४० एकरांवर पसरलेल्या या उद्यानातील काचगृहात प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनाच्या निमित्ताने पुष्पप्रदर्शने भरतात. उद्यानातील खडक सुमारे ३०० कोटी वर्षे जुना असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. दुसरे मोठे उद्यान म्हणजे कब्बन पार्क. म्हैसूर संस्थानचे तत्कालीन मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी १८७० मध्ये त्याची आखणी केली.

शहराच्या हरित इतिहासात १८९८ हे वर्षही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी प्लेगने बंगळुरूला ग्रासले. दाटीवाटीच्या पेठांमध्ये हवा आणि उजेड नसणे आरोग्याला घातक आहे, हे प्रकर्षाने जाणवले आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी या नव्या वसाहती आखल्या गेल्या. रुंद रस्ते, झाडे व उद्याने हा त्यांच्या रचनेचाच भाग होता. मुंबईतही प्लेगच्या साथीनंतर, त्याच १८९८ साली, शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा भागातील योजनांच्या परिसरातच आजचे शिवाजी पार्क आहे. प्रारंभी ‘माहीम पार्क’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मैदानाला १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील विराट सभा याच मैदानाने पाहिल्या. हवेसाठी राखलेली जागा पुढे लोकमताचे व्यासपीठ झाली.

मल्लेश्वरमशी आपले नाते त्याहूनही जुने आहे. तेथील काडु मल्लेश्वर मंदिराशी निगडित १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. आज गजबजलेल्या वस्तीत उभ्या असलेल्या देवाच्या नावात तेथील जुने रान अजून शिल्लक आहे.

उद्यान काय करते?

हरित जागांचे पर्यावरणीय कार्य आपण अभ्यासलेले असते. झाडे सावली देतात आणि पानांवाटे होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे भोवतालची हवा थंड होते. बंगळुरूतील रस्त्यांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वृक्षाच्छादित रस्त्यांवर दुपारच्या वेळी हवेचे तापमान ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी आढळले. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक म्हणजे दिवसभराच्या कमाईचा प्रश्न असतो. सिमेंटने न झाकलेली जमीन पावसाचे पाणी मुरवते. मोठी नदी नसलेल्या आणि कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणणाऱ्या या शहरासाठी तेही मोलाचे आहे. २०२२ चा पूर आणि २०२४ च्या उन्हाळ्यातील पाणीटंचाई या दोन्ही आपत्तींनी त्याची आठवण करून दिली.

याखेरीज उद्यानाचे सामाजिक कार्य आहे. ते मोजमापात सहज बसत नाही. शहरात अनोळखी माणसे एकमेकांच्या शेजारी, काहीही खरेदी न करता, निर्धास्तपणे बसू शकतील अशा जागा फार थोड्या असतात. आपल्या खेड्यांत हे काम वडा-पिंपळाचा पार करतो. कर्नाटकात त्यास ‘कट्टे’ म्हणतात. पिंपळाभोवतीचे दगडी ओटे आणि त्यावरील नागशिळा बंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत आजही दिसतात. उद्यान हा शहराने मोठ्या प्रमाणावर बांधलेला पारच होय. तेथे निवृत्तांचे कट्टे जमतात, मुले खेळ शिकतात, घरकामावरून परतणाऱ्या स्त्रिया घटकाभर विसावतात. कब्बन पार्कमध्ये २०२३ पासून आठवड्याच्या अखेरीस लोक आपापली पुस्तके घेऊन येतात आणि एकत्र बसून मौन वाचन करतात. अन्य शहरांनीही हा उपक्रम उचलला आहे. जुन्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागेवर २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ खुले झाले. आणीबाणीत जेथे राजकीय नेते स्थानबद्ध होते, तेथे आज नागरिक आपली गाऱ्हाणी मांडण्यासाठी जमतात.

एका भूखंडाचा खटला

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. बंगळुरूच्या सदाशिवनगर परिसरातील राजमहल विलास विस्तार योजनेत एक मोकळी जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखीव होती. १९७६ मध्ये राज्य शासनाच्या आदेशानुसार ती एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालय उभारण्यासाठी देण्यात आली. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी त्यांची याचिका फेटाळली, खंडपीठाने ती मान्य केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ‘बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ या नावाने हा खटला ओळखला जातो.

वरवर पाहता न्यासाची बाजू दुबळी नव्हती. रुग्णालय हीदेखील नागरी सुविधाच आहे. आजाऱ्याला खाटेची गरज अधिक की फिरणाऱ्याला हिरवळीची, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. प्रशासनात गेल्यावर असे प्रश्न आपल्या टेबलावर येतील आणि त्यांतील दोन्ही बाजू चांगल्याच असतील, हे ध्यानात ठेवावे.

न्यायमूर्ती टी. के. थॉमेन आणि न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांच्या पीठाने जुलै १९९१ मध्ये न्यासाचे अपील फेटाळले. या निकालातून तीन सूत्रे निघतात. पहिले, विकास योजनेत उद्यानासाठी राखलेली जागा सर्व जनतेच्या हितासाठी असते. ती खासगी संस्थेच्या हाती देऊन तिचा उपयोग बदलणे हे त्या हिताचा बळी देणे होय. दुसरे, अशा निर्णयाने ज्यांच्या परिसराची हानी होते, त्या रहिवाशांना न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आहे. त्यांना त्रयस्थ म्हणून बाहेर ठेवता येणार नाही. तिसरे, शासनाला स्वेच्छाधिकार असला तरी तो कायद्याच्या चौकटीत, कारणे तपासून आणि लोकहितासाठीच वापरावा लागतो. कायद्याने आखलेली योजना केवळ वरून आलेल्या आदेशाने बदलत नाही.

न्यायमूर्ती सहाय यांनी उद्यानाच्या इतिहासाचाही विचार केला. पूर्वी रम्य परिसरातील मोकळी हवा हा राजेरजवाड्यांचा व धनिकांचा विशेषाधिकार होता. समतेच्या कल्पनेसोबत सार्वजनिक उद्यान ही लोकांनी स्वतःलाच दिलेली देणगी ठरली, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. लालबागेचा इतिहास आठवला की हे विधान नेमके कशाविषयी आहे, ते उमगते. रुग्णालयासाठी अन्यत्र जागा शोधता येते. वस्ती पूर्ण वसल्यानंतर तिच्या मध्यभागी नवे उद्यान निर्माण करता येत नाही.

हा निकाल शक्य झाला, कारण ती जागा आपली आहे असे मानणारी माणसे तेथे राहत होती. पुढे २०१६ मध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या नियोजित पोलादी उड्डाणपुलासाठी ८१२ झाडे तोडली जाणार असल्याचे समजताच नागरिकांनी मानवी साखळी केली आणि मार्च २०१७ मध्ये शासनाने तो प्रकल्प मागे घेतला. कायदा हे साधन आहे. ते उचलण्यासाठी जिव्हाळ्याने बांधलेला समाज लागतो आणि तो जिव्हाळा रोजच्या वापरातून येतो.

उद्यान कोणाचे?

मात्र या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर विषय अपुरा राहील. बंगळुरूच्या मध्यभागी पूर्वी संपंगी तलाव होता. काठावरच्या मळ्यांना त्याचे पाणी मिळे. बागायती करणाऱ्या तिगळ समाजाच्या करग उत्सवाशीही त्याचे नाते होते. पुढे तलाव आटवला गेला व तेथे कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. उत्सवातील विधीसाठी पाण्याचे एक लहानसे कुंड तेवढे उरले आहे. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मध्यवर्ती बसस्थानक आहे. आसपासच्या गावांत ‘गुंडुतोपू’ नावाच्या सामाईक आमराया-चिंचवने होती. शहर वाढत गेले, तशा त्यांतील अनेक नाहीशा झाल्या. ज्यांची गुरे तेथे चरत, जे तेथून सरपण आणि फळे नेत, त्यांना न्यायालयाचा मार्ग ठाऊक नव्हता. सदाशिवनगरच्या रहिवाशांना जो आवाज होता, तो त्यांना नव्हता.

हिरवळ राखली, तरी दार बंद ठेवता येते. शहरातील अनेक महापालिका उद्याने पूर्वी दुपारी कुलूपबंद असत. सकाळी फिरायला येणाऱ्यांची त्यामुळे अडचण होत नसे. परंतु रिक्षाचालक, घरपोच सेवा देणारे तरुण, बांधकामावरील मजूर यांना सावलीची गरज नेमकी दुपारीच असते. २०२४ मध्ये ही उद्याने पहाटे ५ पासून रात्री १० पर्यंत खुली ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. कुलपाची वेळ बदलणे ही किरकोळ बाब वाटेल, पण उद्यान कोणासाठी आहे याचे उत्तर त्यातच असते.

राज्यघटना आणि धोरण

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण, तसेच उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्याची तरतूद आहे. अनुच्छेद ४८-अ शासनावर, तर अनुच्छेद ५१-अ (छ) प्रत्येक नागरिकावर पर्यावरण रक्षणाची जबाबदारी टाकतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षांचे संरक्षण व जतन करण्यासाठी १९७५ चा अधिनियम आहे, तर कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांच्या जतनासाठी १९८५ चा कायदा आहे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनी दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचे मान सुचवले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत अभियानात हरित जागा व उद्यानांचा समावेश होता. २०२० च्या जागतिक पर्यावरण दिनी नगर वन योजना जाहीर झाली, तेव्हा पुण्याच्या वारजे येथील नागरी वनाचे उदाहरण देशासमोर ठेवण्यात आले. शाश्वत विकासाच्या अकराव्या उद्दिष्टातील सातवे लक्ष्य २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः स्त्रिया, मुले, वृद्ध आणि दिव्यांगांना, सुरक्षित हरित जागा उपलब्ध व्हाव्यात असे सांगते.

ही कलमे व वर्षे आपण पाठ कराल, करावीतच. परंतु दरडोई चौरस मीटरच्या आकड्यात एक उणीव असते. शहराच्या एका टोकाला असलेले शेकडो एकरांचे उद्यान सरासरी वाढवते. दुसऱ्या टोकाच्या दाट वस्तीतील मुलाला मात्र खेळायला रस्ताच उरतो. म्हणून घरापासून पायी जाता येईल असे लहान उद्यान, त्याचे उघडे दार आणि त्याच्या देखभालीत स्थानिकांचा सहभाग, या तिन्हींचा विचार एकत्र व्हायला हवा. सामाईक संपत्तीची देखभाल तिचा वापर करणारे लोक स्वतः नियम ठरवून उत्तम रीतीने करू शकतात, असे नोबेल पारितोषिक विजेत्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवून दिले. बंगळुरूतील तलावांचाही त्यांनी हरिणी नागेंद्र यांच्यासोबत अभ्यास केला होता.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या मुख्याधिकारी, तहसीलदार वा नगररचनाकार होतील. केव्हा तरी एखाद्या राखीव भूखंडाची धारिका आपल्यासमोर येईल आणि तिच्यावर ‘जागा रिकामी आहे’ असा शेरा असेल. सही करण्यापूर्वी एकदा त्या जागेवर जावे, सकाळी नव्हे तर दुपारी जावे, आणि झाडाखाली कोण बसले आहे ते पाहावे. जागा रिकामी आहे की मोकळी, याचे उत्तर त्या माणसांकडे मिळेल.