बारा महिन्यांचा गल्ला

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी खानावळ चालवतात. म्हणून आज आपण दूरच्या एका गावचा धंदा समजून घेऊया. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिकन रिपब्लिक हा देश आहे. तिथल्या काबारेते गावच्या किनाऱ्यावर परदेशातून येऊन राहिलेल्या काहींनी छोटी हॉटेलं थाटली आहेत.

डिसेंबर ते मार्च टेबलं भरलेली. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर गिऱ्हाईक तुरळकच. भाडं आणि पगार मात्र थांबत नाहीत. वीज जाते, मासळी टिकवायची, म्हणजे इन्व्हर्टर आला. शिवाय कायद्याने २० डिसेंबरपर्यंत कामगारांना वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा जादा द्यायचा. म्हणजे मंदी सरते न सरते तोच!

मग तरतं कोण? भरल्या गल्ल्यातून रोज थोडं बाजूला काढणारा. बाहेरून येणाऱ्या महाग मालाऐवजी तिथलाच भात, राजमा, मासळी, भाजीची केळी वापरून गावकऱ्यांना परवडेल असं ताटही ठेवणारा. पाहुणा परत जातो, शेजारी बाराही महिने जेवतो.

आपणही जत्रेतली कमाई मोजताना पावसाळ्यातलं भाडं आधी बाजूला काढूया.