टिळक दांपत्याची ख्रिस्तनिष्ठा
ख्रिस्ती माणसाची देवनिष्ठा रविवारच्या उपासनेपेक्षा घरात आणि रोजच्या कामात अधिक कसाला लागते. कल्याणला लहानपणी शिकलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग घडला. तरी ते डगमगले नाहीत. मराठी ख्रिस्ती घरांना त्यांनी अभंगांच्या वळणाची, रोज म्हणता येतील अशी भजने दिली. हेच त्यांचे सर्वांत मोठे देणे. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना या दांपत्याने घरी सांभाळले. टिळक १९१९ मध्ये वारले; त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.