ब्लॅकजॅक: आधी कोण फुटतं?

आज ब्लॅकजॅक. तीन पत्ती येत असेल तर हेही जमेल, फक्त इथे शेजाऱ्याशी नाही, डीलरशी खेळायचं. पानांची बेरीज २१च्या जवळ न्यायची. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी १०. एक्का १ किंवा ११. पान मागणं म्हणजे हिट, थांबणं म्हणजे स्टँड, २१च्या वर गेलात की बस्ट. डीलरला मात्र स्वतःची मर्जी नाही: १६पर्यंत पान घ्यायचंच, १७ झाले की सहसा थांबायचं.

मग कॅसिनो कमावतो कुठून? अहो, तुम्ही आधी खेळता ना! तुम्ही फुटलात की पैसे गेले. नंतर डीलर फुटला तरी परत नाहीत. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. म्हणून तुमचे १३ आणि डीलरचं उघडं पान ६ असेल, तर गप्प बसा. त्याला फुटू द्या.

टेबलावर ६:५ लिहिलंय का, तेही बघा. तसं असेल तर पहिल्या दोन पानांत २१ लागले तरी १०० रुपयांवर १५०ऐवजी १२०च मिळतात.

आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आहे, तेव्हा सराव फुकटच्या चिप्सवरच. स्प्लिट आणि डबल पुढच्या भागात.